ढील किती, कुठे आणि कशासाठी: १९६७च्या एमजीबीचं थ्रॉटल लिंकेज

तुम्ही कळवलेलं थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे आपण एकाच दुखण्याबद्दल बोलतोय याची खात्री होईल. गाडी १९६७ची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार), मार्क वन म्हणजे पहिली आवृत्ती, उजव्या हाताच्या स्टीअरिंगची, सध्या लेस्टरमध्ये तुमच्या गॅरेजात. दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण करणारे). पेडल जड लागतं. जागेवरून सुटताना गाडी झटका देते. पाय काढला तरी रेस मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या आसपास अडकते आणि पेडलला एक टिचकी दिली की खाली येते. आधीच्या मालकाने केबलचं टोक घरच्या वायरिंगमधल्या पितळी कनेक्टरने आवळलंय आणि मूळ स्प्रिंगा काढून हार्डवेअरच्या दुकानातली एकच जाड स्प्रिंग लावलीय. तुमचा प्रश्न: हे सगळं मूळ मापात कसं आणायचं, की बाजारात मिळणारं बॉल-बेअरिंगचं नवं लिंकेजच, म्हणजे पेडलपासून कार्ब्युरेटरपर्यंतची जोडणीच, बसवून मोकळं व्हायचं?

नवं लिंकेज बसवू नका. ॲबिंग्डनच्या कारखान्यात ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त बनली, आणि एचएस४ असलेल्या गाड्यांवरचं लिंकेज नीट लावलं तर बोटाच्या दाबाने चालतं. ते बिघडतं ते दोन कारणांनी. जिथे ढील नको तिथे झिजून ढील येते. आणि जिथे ढील मुद्दाम ठेवलेली असते तिथे कोणीतरी पाना घेऊन ती घालवून टाकतं. तुमच्या गाडीत मला दोन्ही दिसतायत. मूळ मापात आणणं म्हणजे ही अदलाबदल उलटी फिरवणं, बाकी चकचकीतपणा नंतरचा.

मी हे काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिकलो, अँबॅसेडरवर. तिच्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आणि तुमचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातली. इकडे कॉव्हेंट्रीला आल्यावर पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा ओळखीच्या घरात आल्यासारखं वाटलं होतं. आमचे वस्ताद रबरी नळीचं एक टोक कानाला लावायचे आणि दुसरं कार्ब्युरेटरभोवती फिरवायचे. हवा कुठून चोरीला जातेय ते त्यांना त्या सूं-सूं आवाजावरून कळायचं. आज माझ्याकडे हवेचा प्रवाह मोजायचं यंत्र आहे, तरी ती नळी टूलबॉक्समध्ये अजून आहे आणि तुम्हीही एक हातभर नळी घेऊन ठेवा. पुढे लागेल.

काही खोलण्याआधी एक तपासणी. रेस अडकली की इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि दोन्ही कार्ब्युरेटरांच्या आयडलिंगच्या (पाय काढल्यावरच्या किमान रेसच्या) स्क्रूंकडे बघा. लिव्हर स्क्रूच्या टोकावर टेकलेली आहे का? टेकलेली नसेल तर बटरफ्लाय, म्हणजे कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघडणारी-मिटणारी चकती, पूर्ण मिटत नाहीये, दोष लिंकेजमध्ये, केबलमध्ये किंवा स्पिंडलमध्ये (चकती ज्यावर फिरते त्या आसात). टेकलेली असूनही रेस चढलेली असेल तर लिंकेज निर्दोष आहे. मग हवा कुठूनतरी चोरून आत जातेय, नाहीतर डिस्ट्रिब्युटरमधली (ठिणगी वाटणाऱ्या भागातली) ॲडव्हान्सची, म्हणजे रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं परत मिटत नाहीयेत. तुमच्या गाडीत लुकासचा २५डी४ डिस्ट्रिब्युटर असणार. त्याच्या आतल्या दोन बारीक स्प्रिंगा ढिल्या पडल्या किंवा वजनांच्या खिळ्यांवर गंज चढला की हुबेहूब हेच लक्षण दिसतं, आणि माणसं महिनोन्‌महिने कार्ब्युरेटर खोलत बसतात. तुमच्याकडे टिचकी दिल्यावर रेस उतरते, म्हणून माझा संशय लिंकेजवरच आहे. पण पाच मिनिटांची ही तपासणी वगळू नका.

आता केबल कार्ब्युरेटरकडून सोडा आणि पुन्हा बघा. केबल सुटल्यावर रेस व्यवस्थित बसत असेल तर अडचण केबल किंवा पेडलची. तरीही अडकत असेल तर दोन कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या आडव्या दांडीपासून बटरफ्लायपर्यंत कुठेतरी. मी नेहमी बटरफ्लायकडून पेडलकडे येतो, उलट कधीच नाही. कारण पेडलकडून सुरुवात केली की प्रत्येक टप्प्यावर आपण पुढच्या टप्प्याची चूक मागच्या टप्प्यात लपवत जातो. तुमच्या आधीच्या मालकाने तेच केलंय. बटरफ्लाय मिटत नव्हता म्हणून त्याने स्प्रिंग जाड केली. स्प्रिंग जाड झाली म्हणून पेडल जड झालं, आणि त्या ओढीने केबल गाठीतून सटकायला लागली म्हणून पितळी कनेक्टर आला.

मूळ रचना डोळ्यांसमोर असू द्या. पेडलच्या वरच्या टोकाला केबलची गाठ अडकते. केबल फायरवॉलमधून इंजिनकडे येते आणि दोन कार्ब्युरेटरांच्या मधल्या आडव्या दांडीवरच्या लिव्हरला धरलेली असते. त्याच दांडीवर आवळपट्टीसारख्या दोन छोट्या लिव्हरी आहेत, प्रत्येकीला एक पिन. ही पिन त्या-त्या कार्ब्युरेटरच्या स्पिंडलवरच्या दुबेळक्यात (दोन बोटांच्या बेचक्यासारख्या लिव्हरीत) बसते. दांडी फिरली की पिन दुबेळक्याला खाली रेटते आणि बटरफ्लाय उघडतो. पाय काढला की दांडी मागे येते, आणि प्रत्येक बटरफ्लाय आपापल्या स्प्रिंगने, आपापल्या आयडलिंगच्या स्क्रूवर येऊन टेकतो. ‘आपापल्या’ हा शब्द लक्षात ठेवा. पाय काढलेला असताना दोन कार्ब्युरेटरांचा एकमेकांशी काहीही संबंध उरता कामा नये. हे साधण्यासाठीच वर्कशॉप मॅन्युअलमध्ये पिन आणि दुबेळक्याची खालची कड यांच्यात ०.००६ इंच, म्हणजे ०.१५ मिलिमीटर, मोकळी जागा ठेवायला सांगितलीय. आणि दांडीला लांबीच्या दिशेने साधारण १/३२ इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटर, सरकायला वाव.

ही दोन मापं म्हणजे या लिंकेजचा जीव. पहिली गेली की पिन दुबेळक्याला कायम टेकून राहते, बटरफ्लाय स्क्रूवर बसतच नाही, आयडलिंगचा स्क्रू फिरवून काही फरक पडत नाही. दोन बाजूंना ती कमीजास्त झाली की एक कार्ब्युरेटर आधी उघडतो, दुसरा मागून येतो. तुमचा सुटतानाचा झटका बहुधा हाच. दुसरं माप गेलं तर थंड गाडी अगदी सुतासारखी चालते आणि गरम झाल्यावर दांडी दोन कार्ब्युरेटरांच्या मध्ये चेपली जाते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. इकडे आल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत एका एमजीबीचं लिंकेज मी फार प्रेमाने, कुठेही खडखड राहणार नाही असं आवळून दिलं होतं. गॅरेजात सुरेख चाललं. ट्रायलला निघालो, वीस मिनिटांनी मोटारवेला लागताना पाय काढला आणि गाडी धावतच राहिली. क्लच दाबला, चावी बंद केली, कडेला आलो. बॉनेट उघडलं तर दांडी हाताने हलेना. इंजिन निवल्यावर आपोआप मोकळी झाली. त्या दिवसापासून ते ०.८ मिलिमीटर मी फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पोलादी पानांनी) मोजतो, अंदाजाने कधीच ठेवत नाही.

आता खोलायला घ्या. आधी फोटो काढा, दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून. कार्ब्युरेटरच्या घुमटाच्या एका स्क्रूखाली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी असते, तिच्यावर ‘एयूडी’ने सुरू होणारा क्रमांक असतो, ती शाबूत असेल तर तो क्रमांक लिहून घ्या. गाडीला मूळचेच कार्ब्युरेटर आहेत का ते त्यावरून कळतं आणि पार्टही त्याच क्रमांकाने मागवता येतात. एसयूचे पार्ट आज सॉल्सबरीतली बर्लेन ही कंपनी बनवते, त्यामुळे जुन्या सामानाच्या ढिगात शोधत बसायची वेळ येत नाही. गाडीची जन्मकुंडली हवी असेल तर गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवर आधारलेलं हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. ती मूळची ब्रिटनमधली आहे की परदेशात जाऊन परत आलेली, हे त्यावरून ठरेल. हे मी उगाच सांगत नाही: अमेरिकेतून परत आणून स्टीअरिंग उजवीकडे बदललेल्या एमजीबी इकडे पुष्कळ आहेत, आणि डाव्या व उजव्या स्टीअरिंगच्या गाडीच्या केबलची लांबी वेगळी असते. कमी लांबीची केबल ओढूनताणून बसवली की तिला तीव्र कोपरे पडतात आणि ती प्रत्येक कोपऱ्यात घासते.

पुढचा आणि मागचा कार्ब्युरेटर, त्यांचे घुमट आणि आतले पिस्टन यांवर खुणा करा. घुमट आणि पिस्टन ही जोडी कारखान्यात एकमेकांना लावून निवडलेली असते. या कार्ब्युरेटरची घुमट तिकडे गेली की दोन्ही बिघडतात, आणि तो बिघाड तुम्ही लिंकेजमध्ये शोधत बसाल.

सगळ्यात जास्त वेळ स्पिंडलला द्या. स्पिंडल पितळी, ५/१६ इंच व्यासाची. ती बोटांनी वर-खाली हलवून बघा. बटरफ्लाय उघडतो-मिटतो ती फिरण्याची हालचाल नव्हे, आडवी हालचाल. खेळ जाणवला तर तिथून हवा आत जातेय. जाड स्प्रिंग लावलेल्या गाडीत हा खेळ जवळपास नक्की सापडतो, कारण ती स्प्रिंग स्पिंडलला दिवसरात्र एकाच बाजूला ओढत असते आणि भोक अंडाकृती होत जातं. इंजिन चालू असताना ही गळती शोधायला इथे लोक कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारतात. तुमच्या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, एक्झॉस्टचा लालबुंद मॅनिफोल्ड कार्ब्युरेटरच्या बरोबर खाली. त्यावर पेटणारा फवारा मारू नका, कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी. नळी कानाला लावा आणि दुसरं टोक स्पिंडलच्या दोन्ही बाजूंना फिरवा. गळती असेल तर आवाज लपत नाही.

बटरफ्लायची चकती दोन बारीक स्क्रूंनी स्पिंडलच्या चिरेत बसवलेली असते. या स्क्रूंची टोकं चिरलेली असतात आणि आवळल्यावर ती फाकवून ठेवतात, म्हणजे स्क्रू ढिला झाला तरी इंजिनात पडणार नाही. ती फाकलेली टोकं आधी पक्कडीने मिटवा किंवा कानशीने उडवा. तसंच जोर लावून स्क्रू काढलात तर स्पिंडलमधला धागा निघून येतो. चकती कोणत्या बाजूने, कोणती कड वर अशी बसली होती त्याची खूण करा. तिच्या कडा तिरक्या घासलेल्या असतात आणि उलटी बसवली तर ती कधीच पूर्ण मिटत नाही. काही एमजीबींमध्ये, विशेषतः प्रदूषणाच्या नियमांनंतर बनलेल्या, चकतीवर स्प्रिंगचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो ढिला पडला तरी रेस चढून राहते. १९६७च्या ब्रिटिश गाडीत तो नसायला हवा. दिसला तर कार्ब्युरेटर किंवा निदान चकती दुसऱ्या गाडीची आहे असं समजा, आणि साधी चकती घाला.

झीज फक्त स्पिंडलवर असेल तर नवी स्पिंडल टाकली की काम झालं. भोकही वाढलं असेल तर दोन वाटा आहेत. मूळ मापापेक्षा ०.०१० इंच जाड स्पिंडल मिळते, ती भोक रीमरने नेमकं मोठं करून बसवायची. किंवा भोक मोठं करून बुश (नळीसारखं अस्तर) ठोकायचं आणि मूळ मापाची स्पिंडल ठेवायची. मला बुशची वाट पसंत आहे, कारण पुन्हा झिजलं तर पुन्हा बुश बदलता येतं, ॲल्युमिनियमची मूळ बॉडी वाचते. पण हे हँडड्रिलचं काम नाही. दोन्ही बाजूंची भोकं एका सरळ रेषेत राहायला हवीत, म्हणून एका बाजूच्या भोकात मार्गदर्शक टोक असलेला लांब रीमर घालून दुसरी बाजू कापावी लागते. उद्यमनगरात असं काम समोरच्या लेथवाल्याकडे चहा संपेपर्यंत व्हायचं. इकडे चांगला मशिनिस्ट शोधावा लागतो, पण शोधा. भोकं तिरकी झाली तर स्पिंडल जन्मभर अडकेल.

चकती परत बसवताना आयडलिंगचा स्क्रू पूर्ण मागे घ्या. चकतीचे स्क्रू ढिले ठेवून स्पिंडल तीन-चार वेळा झटकन मिटवा, म्हणजे चकती स्वतःच आपली जागा शोधते. मग प्रकाशाकडे धरून बघा. कडेने सगळीकडे सारखी, केसाएवढी रेघ दिसली पाहिजे किंवा काहीच दिसू नये; एका बाजूला चंद्रकोर दिसली तर पुन्हा ढिलं करा. समाधान झालं की नवे स्क्रू आवळा, खालून आधार देऊन त्यांची टोकं फाकवा. जुने स्क्रू पुन्हा वापरू नका. दोनदा वाकवलेलं टोक तुटतं, आणि तुटलेला तुकडा थेट व्हॉल्व्हकडे जातो.

आता दुबेळकी आणि पिना. पिन जिथे टेकते तिथे दुबेळक्यात खाच पडली असेल तर ०.१५ मिलिमीटरचं माप घेऊन उपयोग नाही, कारण फीलर गेज खाचेच्या दोन कडांवर बसतो आणि पिन खाचेच्या तळाला. खाच हलकी असेल तर बारीक कानशीने कड सपाट करता येते. खोल असेल तर नवी लिव्हर घ्या. वेल्डिंगने भरून घासण्याचा मोह आवरा. पातळ पत्रा तापून वाकतो. दांडीवर जिथे आवळपट्टीची लिव्हर बसते तिथे स्क्रूने खड्डे पाडले असतील तर दांडीही बदला, नाहीतर लिव्हर दर वेळी त्याच जुन्या खड्ड्यात सरकेल आणि तुमची मापणी वाया जाईल.

धाग्यांबद्दल एक. ही गाडी मेट्रिक नाही. मोठे नटबोल्ट बहुतेक यूएनएफ या इंचाच्या धाग्याचे, आणि त्या काळच्या ब्रिटिश कार्ब्युरेटरांच्या बारीक सामानात बीए (ब्रिटिश असोसिएशन) धागा सर्रास भेटतो. २ बीए हा ४.७ मिलिमीटरचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८१. आपला एम५ पाचाचा, पिच ०.८. पिच इतका जवळ असल्यामुळे एम५चा स्क्रू जोर लावला की दोन-तीन आटे आत जातो आणि मग भोकाचा धागा खाऊन टाकतो. तुमच्या आधीच्या मालकाचा हात बघता असं कुठेतरी झालं असण्याची शक्यता धरून चाला. प्रत्येक भोकात आधी थ्रेड गेज, मगच स्क्रू.

स्प्रिंगांवर पैसे वाचवू नका. प्रत्येक कार्ब्युरेटरची स्वतंत्र स्प्रिंग असते आणि ती हीट शील्डला अडकते. एक तुटली तरी दुसरी तिच्या बाजूचा बटरफ्लाय मिटवते, आणि तुटलेल्या बाजूचा इशारा तुम्हाला पेडलमधून मिळतो. एकाच जाड स्प्रिंगवर सगळा भार टाकला की ही सोय गेली. ती स्प्रिंग तुटली तर दोन्ही बटरफ्लाय एकदम मोकळे. म्हणून हा बदल सगळ्यात आधी करा, बाकी काम थोडं लांबलं तरी चालेल. मूळ नंबरच्या स्प्रिंगा नव्या घ्या. जुन्या स्प्रिंगा चमकवायला प्लेटिंगवाल्याकडे देऊ नका: आम्लाच्या टाकीत बुडवलेल्या स्प्रिंगच्या पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ती ठिसूळ होऊन अचानक तुटते. लिव्हरी आणि दांडीला पांढरं जस्त-प्लेटिंग करून घ्यायला हरकत नाही. क्रोम मात्र नको. ते मूळ नाही, आणि त्याचा थर पिनांची मापं बदलतो.

कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर परत चढवताना क्रम असा: मॅनिफोल्ड, गॅस्केट, उष्णता रोखणारा जाड ठोकळा, गॅस्केट, हीट शील्ड, गॅस्केट, कार्ब्युरेटर. एखादं गॅस्केट विसरलं की दोन कार्ब्युरेटरांची तोंडं एका पातळीत राहत नाहीत आणि दांडी तिरकी चालते. कित्येक ‘अडकणाऱ्या’ लिंकेजचं निदान मला एवढ्या एका गॅस्केटमध्ये सापडलंय.

मग जुळवणी, आणि इथे घाई नको. टॅपेट (व्हॉल्व्हची फट), पॉइंट (ठिणगीचे संपर्क) आणि टायमिंग आधी बरोबर करून घ्या. टॅपेटला थंड इंजिनवर ०.०१५ इंच फट. इंजिन नीट गरम करा. दांडीवरच्या दोन्ही लिव्हरींचे बोल्ट ढिले करा, म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटर एकमेकांपासून सुटे होतील. एअर क्लीनर काढून नळी एका तोंडाशी धरा, मग दुसऱ्या, त्याच अंतरावर, त्याच कोनात. जिथे सूं आवाज मोठा तिथला आयडलिंगचा स्क्रू किंचित मागे, दुसऱ्याचा किंचित पुढे. दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत. मी अशी गाडी ७०० ते ७५०वर बसवतो. मिश्रण याच वेळी जुळवा आणि मग आवाज पुन्हा तपासा, कारण मिश्रण बदललं की आयडलिंग बदलतं.

इंजिन बंद करा. प्रत्येक पिन आणि दुबेळक्याची खालची कड यांच्यात ०.००६चं पान धरा, लिव्हर हलकेच टेकवा, बोल्ट आवळा. दोन्ही बाजूंना तेच पान, तोच दाब. आवळतानाच दांडीला लांबीच्या दिशेने ०.८ मिलिमीटर सरकायला जागा आहे ना ते बघा. पान काढा. आता दांडी हळूच फिरवा आणि दोन्ही दुबेळक्यांकडे एकाच वेळी बघा. दोन्ही एकाच क्षणी हलली पाहिजेत. डोळ्यांवर विश्वास नसेल तर इंजिन चालू करून रेस साधारण दीड हजारावर धरा आणि नळीने पुन्हा ऐका. आयडलिंगला आवाज सारखे आणि दीड हजारावर वेगळे, तर चूक फक्त या दोन फटींमध्ये आहे. स्क्रूंना हात लावू नका.

चोकची जुळणी यानंतर. दोन्ही जेट (पेट्रोल सोडणाऱ्या नळ्या) एकाच वेळी खाली सुटायला हवेत. चोकचं बटण सुमारे ६ मिलिमीटर ओढल्यावर, जेट हलायच्या बेतात असताना, फास्ट आयडलिंगचे स्क्रू फिरवून गरम इंजिन साधारण १०००वर आणा. बटण पूर्ण आत असताना हे स्क्रू कॅमला टेकलेले नसावेत. टेकले तर तेही रेस अडकण्याचं कारण.

केबल सगळ्यात शेवटी. नवी घ्या, उजव्या स्टीअरिंगच्या गाडीची. तिचं टोक धरायला मूळ जो फिरता तुकडा असतो तोच वापरा. केबल ओढली जाताना लिव्हर कमानीत फिरते, म्हणून टोकालाही फिरता आलं पाहिजे. तुमच्या पितळी कनेक्टरला ते जमत नाही, म्हणून तारेचा एकेक धागा तिथे मोडतो. कनेक्टर काढल्यावर तारेकडे बघा, दोन-तीन धागे तुटलेले दिसतील. केबलला पेडल वर असताना थोडी ढील ठेवा. मी दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस घालू नका, त्यात धूळ बसून लापशी होते. जुन्या पद्धतीच्या बिनअस्तराच्या केबलला पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात.

केबल बदलण्याआधी इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी तपासा. ती तुटलेली किंवा गंजलेली असेल तर स्टार्टरचा करंट परतीची वाट म्हणून थ्रॉटलची आणि चोकची केबल निवडतो. केबल आतून तापते, अस्तर वितळतं, आणि नवी केबल महिन्यात पुन्हा जड होते. जुन्या केबलचं आवरण भाजल्यासारखं दिसलं तर कारण हेच. मार्क वनमध्ये सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि पॉझिटिव्ह अर्थ असतो. कोणी बदलून निगेटिव्ह केलाय का ते बॅटरीला हात लावण्याआधी बघा. जाता जाता इंजिनाचे पुढचे दोन रबरी माउंटिंगही बघून घ्या. ते चेपले असतील तर गिअर टाकून सुटताना इंजिन कुशीवर झुकतं आणि केबल स्वतःच ओढतं. तुमच्या झटक्यात त्याचाही वाटा असू शकतो.

पेडलच्या कण्याला तेल द्या, गाठ अडकते त्या चिरेची कड घासली असेल तर गुळगुळीत करा. मग गालिचा अंथरून, पायात नेहमीचे बूट घालून कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि तुम्ही कार्ब्युरेटरच्या तोंडातून बघा. चकती आडवी, हवेच्या वाटेला समांतर झाली पाहिजे. बोटाने लिव्हर अजून पुढे जात असेल तर पूर्ण थ्रॉटल मिळत नाहीये. नव्या जाड गालिच्याने थ्रॉटलचा शेवटचा भाग खाल्लेला मी कितीदा पाहिलाय. बिनगालिच्याची तपासणी धरू नका.

पहिली ट्रायल रिकाम्या रस्त्यावर, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत, निदान अर्धा तास. रेस अडकली तर क्लच दाबा, चावी बंद करा, ब्रेक लावून कडेला या. घरच्या मंडळींपैकी जे कोणी गाडी चालवणार असतील त्यांनाही हे आधी सांगून ठेवा. परत आल्यावर, गरम असतानाच, दांडी बोटाने आडवी सरकवून बघा. ते ०.८ मिलिमीटर तिथे असलं पाहिजे.

बॉल-बेअरिंगच्या लिंकेजबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलंत म्हणून: रेसिंगच्या गाडीत मी ते बसवलंय आणि तिथे ते शोभतं. तुमच्या गाडीत ते बसवलं तर झिजलेल्या स्पिंडल तशाच राहतील, रेस तशीच अडकेल, आणि ॲबिंग्डनची एक मूळ वस्तू कपाटात जाईल.

या आठवड्यात एवढं करा: जाड स्प्रिंग काढून दोन मूळ स्प्रिंगा लावा, आणि दोन्ही कार्ब्युरेटर खोलून जुन्या स्पिंडल मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा, मधे आणि दोन्ही टोकांना जिथे ती भोकात फिरते. मूळ माप ०.३१२५ इंच. नवी स्पिंडल जुन्या भोकात घालून खेळ बघा. ते आकडे मला कळवा, म्हणजे बुश लागणार की नुसत्या स्पिंडलवर भागणार ते सांगतो.